जमा आणि नावे



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांच्या रात्रीच्या वर्गात मी हिशेब लिहायला शिकले. पहिल्याच दिवशी सर फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढायचे. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. एकाच्या खात्यावर काही जमा पडलं की दुसऱ्या कुणाच्या तरी नावे ते पडलेलंच असतं. ते कुणाच्या नावे पडलं हे सापडल्याशिवाय वही मिटायची नाही, ही त्यांची शिकवण. आज मी जे बोलणार आहे ते त्या एका रेघेवर उभं आहे.

व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय दिला: नोकरी छोट्या उद्योगात करावी की मोठ्या कंपनीत? आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये हा प्रश्न घराघरात विचारला जातो. मुलगा आयटीआय झाला, मुलगी बी.कॉम. झाली की विचारतात. स्थळ बघतानाही विचारतात, आणि ‘कंपनीत पर्मनंट आहे’ या उत्तराला पत्रिकेइतकंच वजन असतं. मी दोन्हीकडे काम केलं आहे. १९९१ पासून ९ वर्षं भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये, आणि त्यानंतर २१ वर्षं एका मोठ्या कंपनीत. दोन्हीकडे काम एकच, हिशेबाचं. त्यामुळे एकच व्यवहार मी रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे.

आधी एक आकडा सांगते. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या, आणि त्यांत काम करणारी माणसं सुमारे १३ कोटी १३ लाख. भागाकार करा. एका आस्थापनेत सरासरी सव्वादोन माणसं! म्हणजे छोटं की मोठं असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा बहुतेकांपुढे निवड नसतेच. या देशात काम म्हणजे प्रामुख्यानं छोट्या जागेतलंच काम. हे मनात ठेवून पुढचं ऐका.

तर माझी शेड. तीन लेथ, एक मिलिंग, दोन पॉवर प्रेस, ड्रिलची दोन मशिनं, आणि पत्र्याच्या आडोशाला माझं टेबल. काम करणारी आम्ही १४ जणं. सुट्टी गुरुवारी, कारण त्या दिवशी औद्योगिक भागाची वीज बंद असायची. मी हिशेबासाठी लागले होते, पण महिन्याभरात चलन लिहायला लागले, दोन महिन्यांत ड्रॉइंग वाचायला लागले, आणि वर्षभरात कुठला जॉब गो-गेजमध्ये जाणार नाही हे टर्नरच्या चेहऱ्यावरून ओळखायला लागले. कुणी मला ते शिकवायला बसलं नाही. छोट्या जागेत काम अंगावर येतं आणि आपण ते शिकतो. पुढे मोठ्या कंपनीत मला अशी माणसं भेटली, ज्यांनी वीस वर्षं एकाच प्रकारची व्हाउचरं तपासली होती. हुशार माणसं होती. पण आपण तपासतो ती वस्तू कशी बनते हे त्यांना कुणी कधी दाखवलं नव्हतं. कामाचा पूर्ण घेर बघायला मिळणं हे माणसाला मिळणारं मोठं धन आहे, आणि ते मला त्या पत्र्याच्या शेडनं दिलं.

आणखीही काही दिलं. खंडेनवमीला मशिनं धुऊनपुसून झेंडूची माळ घालायची, तेव्हा पहिला नारळ सर्वांत जुन्या कामगाराच्या हातून फोडला जायचा. घरी आजारपण आलं, पोराची फी आली, की मालकांकडे उचल मागायला जायचं, अर्ज नाही, सही नाही. माझी मुलगी वर्षाची होती तेव्हा मालकीणबाईंनी तिला त्यांच्या घरी सांभाळलं. सहा महिने! हे मी कधी विसरणार नाही.

पण बंधुभगिनींनो, हिशेबाला दोन बाजू असतात. त्या शेडमध्ये काम करत होतो १४ जणं, आणि मस्टरवर नावं होती ९.

नऊच का? कारण दहावं नाव लागलं की विजेवर चालणारं ते काम कायद्याच्या दृष्टीनं कारखाना व्हायचं. दहावं नाव लागलं की कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू व्हायचा. दहा माणसांवर ग्रॅच्युइटी. वीस माणसांवर प्रॉव्हिडंट फंड. हे आकडे मला पाढ्यासारखे पाठ होते, कारण त्यांच्या खाली राहणं हे माझ्या कामाचा भाग होतं. मस्टर माझ्या हस्ताक्षरात असायचं.

१९९६ च्या पावसाळ्यात प्रेसवरच्या एका मुलाची दोन बोटं गेली. वय बावीस. मालकांनी स्वतः त्याला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं, सगळा खर्च केला, हात बरा झाल्यावर तपासणीच्या टेबलावर बसवून पहिल्याइतकाच पगार चालू ठेवला. माणूस म्हणून याहून जास्त काय करायचं? पण त्या मुलाचं नाव मस्टरवरच्या नऊत नव्हतं. तो विमेदार असता, तर कायमच्या अपंगत्वासाठी ईएसआयकडून त्याला दरमहा ठरावीक रक्कम जन्मभर मिळाली असती. मालक असोत वा नसोत, शेड चालो वा बंद पडो. २००८ च्या अखेरीस वाहन उद्योगात मंदी आली आणि पुढच्या वर्षी ती शेड बंद पडली. तपासणीचं टेबलही गेलं. पस्तिशीतल्या त्या माणसाच्या हाती राहिली आठ बोटं आणि मालक चांगले होते ही आठवण.

छोट्या जागेबद्दल कुणी मला भरभरून सांगायला लागलं की मला त्या मुलाचा हात आठवतो. चांगुलपणा खरा असतो. मी तो अनुभवला आहे. पण चांगुलपणा मालकाच्या आयुष्याइतकाच जगतो, त्याच्या धंद्याइतकाच टिकतो. हक्क त्यानंतरही उरतो.

आता मोठ्या कंपनीकडे येऊ. २००० साली मी तिथे लागले. पहिल्या दिवशी नेमणूकपत्र हातात, दुसऱ्या दिवशी ओळखपत्र, महिनाअखेरीस पगाराची चिठ्ठी, तिच्यावर प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत. नऊ वर्षांत मी दुसऱ्यांचे पगार काढले होते, पण स्वतःच्या पगाराची छापील चिठ्ठी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तुम्हाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. ज्याला ती मिळत नाही त्याला विचारा. त्या कागदावर बँक कर्ज देते, घरमालक खोली देतो, आणि भांडण झालंच तर तोच कागद न्यायालयात बोलतो.

२०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कारखाने अधिनियम आता वाचायला बसलं तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. ३० हून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर. २५० हून अधिक कामगार असतील तर कँटीन. ५०० झाले तर कल्याण अधिकारी. १००० झाले तर सुरक्षा अधिकारी. या प्रत्येक सोयीसाठी कामगारांनी झगडा केला आहे, त्यामागे मोठा इतिहास आहे. पण रचना पाहा. माझा हक्क माझ्या कष्टावर ठरत नाही, माझ्या गरजेवर ठरत नाही. माझ्या शेजारी किती माणसं उभी आहेत यावर ठरतो! शेडमध्ये बाई मी एकटी होते, म्हणून माझ्या मुलीला कायद्यानं पाळणाघर नव्हतं. मोठ्या कंपनीत पाळणाघर मिळालं तेव्हा ती पाचवीत गेली होती.

प्रेस तोच, पत्रा तोच, जाणारं बोटही तेच. शेजारी उभ्या माणसांच्या संख्येनं बोटाची किंमत बदलते. हे आपण इतकी वर्षं मान्य कसं केलं?

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे मोठी कंपनीच बरी. मीही तसंच म्हणाले असते, जर मला तिथे दुसरा कुठला विभाग मिळाला असता. मला मिळाला पुरवठादारांची बिलं चुकती करण्याचा. शेडमध्ये असताना ज्या टेबलाला मी दर आठवड्याला फोन करायचे, तसल्याच टेबलावर मी जाऊन बसले.

त्या टेबलावर पैसा कसा थांबतो ते नीट सांगते, कारण ते बाहेर कुणी सांगत नाही. समजा, एका छोट्या शेडनं १० जूनला माल पोचवला. माल गेटवर उतरला, पण तपासणी होऊन आवक नोंदली गेली १८ तारखेला. करार ६० दिवसांचा, आणि आम्ही दिवस मोजणार आवकेच्या नोंदीपासून. ते भरतात १७ ऑगस्टला. पण पैसे सोडायचा दिवस महिन्यातून एकच, २५ तारीख. म्हणजे १० जूनच्या मालाचे पैसे २५ ऑगस्टला. ७६ दिवस. हे सगळं सुरळीत झालं तर! बिलावर ऑर्डरचा क्रमांक चुकला, दरात दहा पैशांचा फरक आला, की बिल परत आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. फोन आला की आमची वाक्यं ठरलेली. सिस्टिममध्ये दिसत नाहीये. साहेबांची सही व्हायची आहे. पुढच्या महिन्यात घेतलंय. मी ही वाक्यं बोलले आहे. शेकडो वेळा.

आता रेघेच्या दुसऱ्या बाजूला या. त्या ७६ दिवसांत शेडच्या मालकाला काय काय चुकतं करावं लागतं? स्टीलवाला रोखीनं देतो. वीजबिल थांबत नाही. २०१७ पासून जीएसटी आहे, तो बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, पैसे आले असोत वा नसोत. आणि पगार. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यानं हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पगार सात तारखेच्या आत द्यायचा, हजार किंवा जास्त असतील तर दहाच्या आत. म्हणजे छोट्यानं तीन दिवस आधी! १० जून ते २५ ऑगस्ट या काळात सात तारीख दोनदा येते. दोन पगार त्या मालकानं स्वतःच्या खिशातून, किंवा बँकेकडून, किंवा भिशीतून, किंवा बायकोच्या दागिन्यांवर उभे करायचे.

मोठ्या कंपनीला बँक स्वस्तात कर्ज देते. छोट्याला महाग देते, तेही तारण घेऊन. आणि तरी उधार कोण कुणाला देतं? ज्याला पैसा महाग पडतो तो, ज्याला स्वस्त मिळतो त्याला, बिनव्याजी! देणी जितकी लांबतील तितकी रोकड आपल्या हाती, हे आमच्या विभागात कर्तबगारी म्हणून मोजलं जायचं. एका वर्षी देण्याचे दिवस वाढवल्याबद्दल आमच्या विभागाचं कौतुक झालं. मी टाळ्या वाजवल्या. त्या महिन्यात माझा पगार नेहमीसारखा वेळेवर झाला होता.

बंधुभगिनींनो, माझ्या खात्यावर जे वेळेवर जमा झालं, ते कुणाच्या नावे पडलं होतं?

मस्टरवर नऊच नावं का होती, याचं खरं उत्तर मला त्या टेबलावर मिळालं. सुट्या भागाचा दर ठरवताना कंपनी मटेरियल धरायची, मशिनचा तासाचा दर धरायची, आणि मग पैशापैशानं खाली आणायची. त्या दरात ईएसआयचा वाटा बसत नव्हता, रजेचा पगार बसत नव्हता. मालक चोर नव्हते. त्यांनी केलं ते चूकच होतं, आणि त्या चुकीत माझा हात होता. पण ती चूक त्या शेडमध्ये जन्मली नव्हती. ती रस्त्याच्या पलीकडे, कँटीन आणि पाळणाघर असलेल्या इमारतीत, दर ठरवणाऱ्या टेबलावर जन्मली होती. मोठ्याची सुरक्षितता आणि छोट्याची असुरक्षितता ही एकाच व्यवहाराची दोन खाती आहेत. तरी आपण त्यांना दोन वेगळी जगं समजतो आणि मुलांना सांगतो, यातलं एक निवडा.

एक प्रसंग सांगते. २००६ च्या सुमारास माझ्यापुढच्या यादीत माझ्या जुन्या शेडचं बिल आलं. त्या महिन्याच्या यादीत ते बसत नव्हतं. मी ते बसवलं. का? कारण मला तिथली सात तारीख माहीत होती. पाकिटं घेऊन कोण कुठे जातं, कुणाचं वाण्याचं खातं किती तुंबलं आहे, हे माहीत होतं. घरी आल्यावर रात्री झोप लागली नाही. त्या यादीत आणखी तीसचाळीस नावं होती. त्यांचीही सात तारीख होती. ती मला माहीत नव्हती, म्हणून त्यांची बिलं थांबली.

त्याच वर्षी, २००६ मध्ये, सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांचा कायदा आला. १९९३ चा एक कायदा आधी होताच, नव्यानं तो आणखी स्पष्ट केला. करार काहीही असो, ४५ दिवसांच्या आत पैसे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून. पंधरा दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा. म्हणजे आमचा तो १८ जून कायद्यात बसतच नव्हता. इतका चांगला कायदा, मग तक्रारी किती आल्या असतील? मी त्या टेबलावर पुढे पंधरा वर्षं होते. एकाही शेडमालकानं व्याज मागितलेलं मी पाहिलं नाही. ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्यावर दावा कोण लावणार? २०१७ मध्ये केंद्रानं तक्रारीसाठी ‘समाधान’ हे संकेतस्थळ काढलं. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये नवी तरतूद लागू झाली. सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला करातून वजा मिळत नाही. मला वाटतं ही तरतूद सर्वांत उपयोगी आहे, कारण तिला शेडमालकाच्या तक्रारीची गरज नाही. ती मोठ्याच्या स्वतःच्या हिशेबात जाऊन बसते.

मोठ्या कंपनीच्या गेटच्या आतही एक रेघ असते, तिचाही उल्लेख करते. एकाच लाइनवर दोन रंगांचे गणवेश. एक कंपनीचा, एक कंत्राटदाराचा. अलीकडच्या वार्षिक औद्योगिक पाहणीत कारखान्यांतल्या दर दहा कामगारांपैकी चार कंत्राटी आहेत. गेट मोठ्या कंपनीचं, ओळखपत्र तिसऱ्याच कुणाचं. अशा कंत्राटी मुलाची गत काय होते बघा. छोट्या शेडमधला मालकाचा चेहरा त्याला मिळत नाही, आणि मोठ्या कंपनीतला हक्कही मिळत नाही. दोन्हींतलं जे वाईट तेवढं त्याच्या वाट्याला येतं. घरी आईवडील मात्र सांगतात, मुलगा मोठ्या कंपनीत आहे.

रचना वेगळी असूच शकत नाही का? असू शकते, आणि ते मुंबईच्या बायकांनी दाखवलं आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ते लिज्जत. आज त्या संस्थेत हजारो बहिणी आहेत, आणि प्रत्येक बहीण सभासद आहे, मालकीत वाटेकरी आहे. मला त्या कामातली एक रीत फार महत्त्वाची वाटते. लाटलेले पापड केंद्रावर आणले, वजन झालं, की वणई, म्हणजे लाटण्याची मजुरी, हातात. आधी लाटणारीचे पैसे, मग बाकीचा धंदा. ती संस्था छोटी राहिली नाही, खूप मोठी झाली. मोठं होण्यासाठी तिला सर्वांत खालच्या माणसाला थांबवावं लागलं नाही.

मग इथे बसलेल्या मुलामुलींना मी काय सांगू? काम शिकायचं असेल तर सुरुवातीची वर्षं छोट्या जागी काढा, हे मी मनापासून सांगते. तिथे जे हातात येतं ते कुठल्या प्रशिक्षण केंद्रात येत नाही. पण छोटं असो की मोठं, पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारा. माझं नाव कुणाच्या मस्टरवर आहे? शेडमालक गप्प झाला तर त्या गप्पपणाचा अर्थ ओळखा. मोठ्या कंपनीच्या गेटवर दुसऱ्याच कुणाचं नाव सांगितलं तर त्याचाही अर्थ ओळखा. विमा क्रमांक मागा, पगाराची चिठ्ठी मागा. भीती वाटेल, तरी मागा. शेडच्या मालकांना माझं हात जोडून सांगणं आहे की मस्टर खरं लिहा. मी खोटं लिहिलं आहे, त्याची किंमत मी दिली नाही, एका बावीस वर्षांच्या मुलानं दिली.

आणि या सभागृहात मोठ्या कंपन्यांच्या हिशेब विभागातली मंडळी आहेत. काही चेहरे माझ्या ओळखीचे आहेत. धोरण तुम्ही ठरवत नाही हे मला माहीत आहे, मीही ठरवत नव्हते. पण परत पाठवायचं बिल आजच परत पाठवायचं की आठ दिवस टेबलावर पडू द्यायचं, हे तुमच्या हातात आहे. फोनवर खरी तारीख सांगायची की ठरलेलं वाक्य, हेही तुमच्या हातात आहे. आज तारीख चार. उद्या सकाळी टेबलावर बसाल तेव्हा समोरच्या गठ्ठ्यातली छोट्या शेडची बिलं आधी काढा. परवानंतर भोसरीत पगार आहे.